राखणदार नसलेल्या वाळवंटाचा पत्ता

वाळवंटातील पक्षी, सरडे आणि रानफुले यांची छायाचित्रे काढणाऱ्यांमध्ये एक वाद वारंवार उफाळून येतो. छायाचित्राबरोबर नेमके ठिकाण जाहीर करावे की लपवावे? एक बाजू म्हणते की निसर्ग कोणाच्या बापाची मिळकत नाही आणि ठिकाण दडवणारे लोक आपली मक्तेदारी जपत असतात. दुसरी बाजू म्हणते की ठिकाण सांगणे म्हणजे त्या जिवाला शिकाऱ्याच्या हवाली करणे. दोन्हीकडचे लोक प्रामाणिक आहेत, पण जगातले प्रत्येक वाळवंट सारखेच आहे आणि त्यातल्या प्रत्येक जिवाला होणारा त्रासही एकाच प्रकारचा आहे, असे गृहीत धरून ते बोलतात. त्यामुळे वाद पुढे सरकत नाही. माझे म्हणणे असे आहे की ठिकाण गुप्त असावे की खुले, हा प्रश्नच अपुरा आहे. त्या जागेची राखण करणारे कोणी तिथे आहे का, हे आधी विचारायला हवे. असेल, तर ठिकाण खुशाल सांगावे. नसेल, तर अचूक जागा अभ्यासकांच्या नोंदसंग्रहात जावी, चव्हाट्यावर नव्हे. शिवाय ठिकाण सांगितले वा न सांगितले, तरी तिथे आपण कसे वागलो याचा जाब वेगळा द्यावा लागतो आणि नेमका तोच या वादात बाजूला पडतो.

खुलेपणाच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा असा, की ज्या जागेची नोंद नसते ती जागा सरकारी कागदावर ओसाड ठरते. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. भारतात पडीक जमिनींचा जो अधिकृत नकाशासंग्रह निघतो, त्यात वाळवंटी वाळूचा समावेशच मुळी पडीक जमिनीच्या एका प्रकारात केलेला आहे. सांडा हा सरडा, धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी आणि पावसाच्या एका सरीवर उगवून महिन्या-दोन महिन्यांत बी धरणारी असंख्य रोपे जिथे नांदतात, त्या जमिनीला ‘पडीक’ म्हटले की तिच्यावर काहीही उभारायला हरकत उरत नाही. थर वाळवंटातल्या माळढोकांची संख्या दीडशेच्याही खाली गेली आहे, आणि त्यांच्या मृत्यूला कारण ठरणाऱ्या वीजवाहिन्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला तेव्हा पक्षी कुठे राहतो, कुठून कुठे उडतो याच्या नोंदी हा संवर्धनाच्या बाजूचा महत्त्वाचा आधार होता. मौनामुळे वाळवंट वाचत नाही, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

याच मुद्द्याला बळ देणारे दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटाचे आहे. प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या पक्ष्यांच्या इतक्या काटेकोर नोंदी केल्या, की शंभरेक वर्षांनी संशोधकांना त्याच जागी पुन्हा जाऊन पाहणी करता आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या फेरपाहणीत असे आढळले की प्रत्येक ठिकाणच्या सरासरी ४३ टक्के पक्षिजाती नाहीशा झाल्या आहेत, आणि त्याचा संबंध कमी झालेल्या पावसाशी जुळतो. जागा अचूक लिहिलेल्या नसत्या, तर हा ऱ्हास कोणाला मोजताच आला नसता. पण ग्रिनेल यांचे यश नेमके कशात होते? त्यांच्या वह्या बर्कलीच्या संग्रहालयात गेल्या आणि त्यांचा अर्थ ज्यांना लावता येत होता अशा माणसांनी त्या पुढे वापरल्या. नोंद अचूक असणे आणि ती तात्काळ सर्वतोमुखी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजच्या वादात त्यांची सर्रास गल्लत होते. आजची साधनेही हा फरक ओळखतात. पक्षिनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर संवेदनशील जातींच्या नोंदी सर्वांना दिसत नाहीत. सर्व सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आय-नॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचे अक्षांश-रेखांश आपोआप मोठ्या चौकटीत विरघळवले जातात. नोंद शाबूत राहते आणि बोटभर जागा मात्र झाकलेली राहते. ज्याला खरोखर विज्ञानाला हातभार लावायचा आहे, त्याला याहून अधिक काय हवे?

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तोही झटकून टाकण्यासारखा नाही. ठिकाणे गुप्त ठेवली की ती ओळखीपाळखीच्या माणसांत फिरतात. ज्याच्याकडे पैसा, वाटाडे आणि वशिला आहे त्याला सांड्याची वसाहत दिसते, आणि नुकताच या छंदात पाऊल टाकणारा विद्यार्थी तसाच राहतो. हे घडते, आणि ते वाईट आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून नकाशावर टाचणी टोचून देणे मला पटत नाही. सांडा कसल्या जमिनीत बीळ करतो, हिवाळ्यात बिळाचे तोंड तो मातीने कसे बुजवून घेतो, कोणत्या तासाला उन्हात येऊन बसतो, पखुर्डी पाण्यावर केव्हा उतरते, पहिल्या चांगल्या पावसानंतर किती दिवसांनी कोणत्या उतारावर फुले येतात, हे ज्ञान नवशिक्याला मोकळ्या हाताने द्यावे. त्याच्या बळावर तो स्वतः शोधेल, आणि शोधताना जे शिकेल ते आयत्या टाचणीने त्याला कधीच मिळणार नाही. अधिवासाचे ज्ञान सगळ्यांचे असावे, याबद्दल मी कोणत्याही खुलेपणाच्या पुरस्कर्त्याइतकाच आग्रही आहे. एका विशिष्ट बिळाचा पत्ता मात्र ज्ञान या सदरात बसत नाही.

‘चोरांना सगळे आधीच ठाऊक असते’, हा तिसरा युक्तिवाद मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. १९९९ मध्ये चीन-व्हिएतनाम सीमेकडच्या चुनखडीच्या डोंगरांतली एक पाल शास्त्रीय वर्णनासह प्रथम जगापुढे आली. ती वाळवंटी नव्हे, पण धडा तोच आहे. वर्णनात दिलेल्या ठिकाणाचा माग काढत व्यापारी पोहोचले आणि मूळ जागेवरून ती पाल नाहीशी झाली. याच कुळातल्या आणखी दोन पालींचे वर्णन २०१५ मध्ये झाले, तेव्हा संशोधकांनी ठिकाण जाणूनबुजून छापले नाही. म्हणजे ज्या शास्त्राचा अचूकपणा हा प्राण आहे, त्यानेच आपली जुनी रीत मोडली. दक्षिण आफ्रिकेच्या ‘रसाळ कारू’ या अर्धवाळवंटी प्रदेशातून खड्यांच्या आकाराच्या चिमुकल्या कोनोफायटम रोपांची गेल्या काही वर्षांत जी लूट झाली, तिच्यातली जप्त रोपे लाखांच्या घरात गेली. ही रोपे अतिशय मंद वाढतात आणि त्यांतल्या काही जाती एखाद्या टेकडीपुरत्याच उरलेल्या असतात. थरमध्ये सांड्याला त्याच्या चरबीच्या तेलासाठी बिळातून खणून काढले जाते, आणि तो वसाहत करून राहणारा प्राणी असल्यामुळे एक बीळ सापडले की पुढची सापडायला वेळ लागत नाही. जो माणूस आयुष्यभर त्या माळावर फिरला आहे त्याला नवी माहिती नको असेल, हे खरे. पण दूरवरून येणाऱ्या, कमी वेळात अधिक माल हवा असणाऱ्या व्यापाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च शोधाचा असतो. तो खर्च आपण फुकटात का उचलावा? आणि दुर्मीळता जितकी गाजते तितकी मागणी वाढते, हेही आपण पाहिलेले आहे. उत्तर अटलांटिकमधल्या ग्रेट ऑक या पक्ष्याची अखेरची ज्ञात जोडी १८४४ मध्ये मारली गेली, तेव्हा पक्षी संपत आल्याची वार्ता संग्राहकांना होती, आणि तो संपत आला होता म्हणूनच त्याला गिऱ्हाईक होते.

मग ठिकाण कधीच सांगू नये का? इथे गुप्ततेच्या पुरस्कर्त्यांशी माझा मार्ग वेगळा होतो. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. दर हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे तिथे उतरतात, गावकरी त्यांना दाणे घालतात, जगभरचे छायाचित्रकार येतात, आणि ठिकाण सर्वज्ञात असूनही करकोचे दरवर्षी परततात. २०२५ मध्ये या जागेला रामसर दर्जाही मिळाला. तिथे गुप्ततेची गरज का पडली नाही? कारण पक्ष्याच्या आणि पाहुण्याच्या मध्ये एक गाव उभे आहे. त्याच प्रदेशातली ओरणे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली माळराने आणि झुडुपी वने, आपल्याकडच्या देवराईप्रमाणेच सर्वांना ठाऊक असतात; तिथे काय करायचे नाही हेही सर्वांना ठाऊक असते, आणि ते मोडणाऱ्याला विचारणारे कोणी तरी असते. १७३० मध्ये राजस्थानातल्याच खेजडली गावच्या बिश्नोईंनी झाडांसाठी प्राण दिले, ती झाडे कोणी लपवून ठेवलेली नव्हती. उघड असणे आणि उघड्यावर पडणे यांतला फरक या लोकांना आपल्याहून आधी कळला होता. जिथे राखण आहे तिथे येणारा माणूस हा आणखी एक साक्षीदार ठरतो. जिथे ती नाही, तिथे पहिला येणारा माणूसच शेवटचा निर्णय करून जातो, आणि वाळवंटाचा बहुतांश भाग असाच आहे. राखणदार आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही दोन दिवसांसाठी आलेल्या छायाचित्रकाराला नसावा. तिथे राहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या माणसांना आधी विचारावे. आपल्या माळाचे नाव जगभर गाजावे की नाही, हा निर्णय त्यांचा आहे, आणि खुलेपणाचे पुरस्कर्ते ज्या न्यायाची भाषा बोलतात तो न्याय इथून सुरू व्हायला हवा.

आता वागणुकीकडे वळू, कारण ठिकाण लपवणाऱ्यांनाही आपण ठिकाण लपवले एवढ्यावर हात झटकता येणार नाहीत. अरण्यातला पक्षी उडाला तर दुसऱ्या फांदीवर जाऊन बसेल. वाळवंटात उडालेल्या पक्ष्याचा हिशेब वेगळा असतो. धाविक, टिटवी, पखुर्डी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, आणि कडक उन्हाळ्यात त्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही वर तापतो. आपण पक्षी अंड्यांवर ‘उबवायला’ बसला आहे असे समजतो, तेव्हा दुपारी तो बहुधा अंड्यांना सावली देत असतो. अशा वेळी चांगल्या कोनासाठी आपण पाच-दहा पावले पुढे गेलो आणि पक्षी दूर सरला, तर आपण परत फिरेपर्यंतची काही मिनिटेही अंड्यांच्या जिवावर बेतू शकतात. पखुर्डीचे तर सगळे संसारगणितच पाण्यावर उभे आहे. नर आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि कधी कधी वीस-तीस किलोमीटर उडून ते पाणी पिलांपर्यंत नेतो. ही गोष्ट १८९६ मध्ये प्रथम नोंदवली गेली तेव्हा अनेकांना ती खरी वाटली नाही, आणि १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात झालेल्या अभ्यासानंतर तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. या पक्ष्याची पाण्यावर येण्याची वेळ ठरलेली आणि थोडी असते. त्या वेळी पाणवठ्याच्या काठावर तिवई रोवून, लपणाचा आडोसाही न घेता बसलेला माणूस थव्याला उतरू देत नाही, आणि त्याचा परिणाम त्याच्या नजरेच्या टप्प्यापलीकडच्या पिलांना भोगावा लागतो. छायाचित्रात फक्त उडणारा सुंदर थवा दिसतो. तो का उडाला, हे त्यातून कधीच कळत नाही.

सरड्यांच्या बाबतीत आपली बेपर्वाई त्याहून अधिक आहे, कारण सरडा ओरडत नाही, घिरट्या घालत नाही आणि त्याच्या बाजूने बोलणारेही फार थोडे आहेत. सकाळचे ऊन हे त्याचे इंधन आहे. तेवढ्या वेळात अंग तापवून घेतले नाही तर त्याला शिकारही करता येत नाही आणि पळताही येत नाही. त्याच वेळी त्याला तीन-चारदा बिळात पळवले, तर त्याच्या दिवसाचा मोठा भाग आपण कापून घेतो. अनेक पालींची शेपटी हा चरबीचा साठा असतो. ती हाताळताना तुटली, तर ‘पुन्हा येते’ असे म्हणून आपण मोकळे होतो, पण ती येण्यासाठी लागणारे अन्न वाळवंटात कुठून येणार, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतले काही शिंगाडे सरडे फारच धास्तावले की डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवतात. तो क्षण टिपण्यासाठी त्यांना मुद्दाम डिवचणे हा एका जिवाचा अखेरचा बचाव करमणुकीसाठी खर्ची घालण्याचा प्रकार आहे. दगड उलथून पाहणे तर इतके रुळलेले आहे की त्यात काही गैर असल्याचेच वाटत नाही. पण त्या दगडाखाली वर्षानुवर्षे जमलेला गारवा, ओल आणि नेमक्या मापाची फट असते, आणि दगड परत ‘जवळपास तसाच’ ठेवला तरी ती फट परत येत नाही. जिवंत प्राणी हाती धरून, थंड करून किंवा हव्या त्या दगडावर मांडून काढलेल्या छायाचित्राला मी निसर्गाचे छायाचित्र म्हणणार नाही.

रानफुलांना हाच नियम जसाच्या तसा लावणे मात्र चुकीचे ठरेल, आणि इथे गुप्ततावाद्यांनी थोडी माघार घ्यावी. वाळवंटातील वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात जगून संपणाऱ्या, वनस्पतींचे सगळे बी एकाच पावसात उगवत नाही. बराच भाग वर्षानुवर्षे मातीत झोपून राहतो. त्यामुळे एका हंगामात काही फुले तुडवली गेली म्हणून ती जात संपत नाही. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातला किंवा कॅलिफोर्नियातला फुलोरा पाहायला माणसे लोटतात, याचा मला आनंद वाटतो. धोका फुलांपेक्षा मातीला अधिक आहे. वाळवंटाच्या वरच्या थरात नीलहरित जिवाणू, शैवाल, दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेले एक पापुद्र्यासारखे कवच असते. ते माती धरून ठेवते, आणि एकदा बुटाखाली फुटले की सावरायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. १९४२ ते १९४४ या काळात अमेरिकी सैन्याने मोहावी आणि सोनोरा वाळवंटांत रणगाड्यांचा सराव केला, त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या अजूनही जमिनीवर दिसतात. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावाजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये नारिंगी फुलांच्या उतारांवर इतकी झुंबड उडाली, की वाट सोडून फुलांत शिरणाऱ्यांच्या पायांनी नव्या वाटा पडल्या. २०२३ मध्ये पुन्हा फुलोरा आला तेव्हा तिथल्या प्रशासनाने ती दरी पूर्ण बंदच ठेवली. म्हणजे ज्यांनी शिस्त पाळली असती त्यांचाही हक्क गेला. बहराचे मोठे, सर्वपरिचित उतार नकाशावर असायला हरकत नाही, पण तिथे आखलेली वाट आणि ती पाळायला लावणारा माणूस असला पाहिजे. एखाद्या टेकडीपुरत्या उरलेल्या कोनोफायटमला हा न्याय लावता येत नाही, कारण ही रोपे अतिशय मंद वाढतात आणि तोडणारा माणूस रोप मुळासकट नेतो.

खाणी, रस्ते, सौरप्रकल्प आणि बेफाम धावणाऱ्या जीपगाड्या यांच्यापुढे चार छायाचित्रकारांचा त्रास तो काय, असे अनेक जण विचारतात. प्रमाणाच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. पण आपला त्रास त्या त्रासाऐवजी होत नाही, त्याच्यावर चढतो. ज्या पखुर्डीचे दोन पाणवठे आधीच गेले आहेत, तिच्या उरलेल्या पाणवठ्यावर आपण बसलेले असतो. शिवाय खाणीवाला स्वतःला वाळवंटाचा मित्र म्हणवत नाही, आपण म्हणवतो.

‘आमच्या छायाचित्रांमुळे लोकांना वाळवंटाविषयी प्रेम वाटू लागते’, हा दावा मला मनापासून खरा ठरावा असे वाटते. त्याला इतिहासाचा आधारही आहे. १९०० साली अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्षी मारण्याच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजण्याची प्रथा सुरू झाली, आणि पुढे बंदुकीची जागा दुर्बीण व कॅमेऱ्याने घेतली, हे मोठेच परिवर्तन होते. पण त्याच काळातल्या घरट्यांच्या छायाचित्रांसाठी आडव्या येणाऱ्या फांद्या छाटल्या जात. त्यावर टीका झाली, आणि आज अनेक संघटना घरट्याची छायाचित्रे स्वीकारतच नाहीत. कॅमेरा आपोआप अहिंसक होत नाही, त्याला तसे वळण लावावे लागते. आणि प्रेमाविषयी म्हणाल, तर आजची वाळवंटी छायाचित्रे नेमके कशावर प्रेम करायला शिकवतात? लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेला चंडोल, मागे एकरंगी धूसर पडदा. सरड्याचा डोळा आणि खवले, बाकी सगळे पुसलेले. ज्या जमिनीला सरकार पडीक म्हणते, ती जमीनच आपण चित्रातून काढून टाकतो आणि मग ती जमीन वाचवण्याचे श्रेय मागतो. अधिवास दाखवायचा असेल तर मागची माती, खुरटी झुडुपे, खडी, बिळाभोवतीची चरलेली पाने चौकटीत आली पाहिजेत. यावर कोणी म्हणेल की मागचा डोंगर दिसला की जाणकाराला जागा ओळखू येते, आणि ते खरेच आहे. छायाचित्राच्या फाइलमधले अक्षांश-रेखांश पुसून टाकणे पुरेसे नसते, हेही ध्यानात ठेवायला हवे. पण जमीन दाखवायला क्षितिजरेषा लागत नाही. कॅमेरा थोडा खाली वळवला तरी सांड्याचे अख्खे जग दिसते आणि त्याचा पत्ता मात्र दिसत नाही. प्रदेशाचे नाव द्यावे, महिना द्यावा, मातीचा पोत सांगावा. एवढ्याने वाचकाचे काही अडत नाही.

हे सगळे व्यक्तीच्या सद्सद्विवेकावर सोडून चालणार नाही, कारण छायाचित्रकाराला दाद देणारी यंत्रणा वेगळीच आहे. स्पर्धा, प्रदर्शने आणि मासिके जे उचलून धरतात, तेच पुढच्या हंगामात शेकडो जण करू पाहतात. या यंत्रणेला खोटेपणा ओळखता येत नाही असेही नाही. वन्यजीव छायाचित्रणाच्या जगातल्या सर्वांत नामांकित स्पर्धेने २०१० मध्ये पाळीव लांडग्याचे असल्याचे ठरलेले छायाचित्र आणि २०१८ मध्ये पेंढा भरलेल्या मुंगीखाऊचे असल्याचे ठरलेले छायाचित्र बक्षीस दिल्यानंतरही बाद केले. प्राणी खरा होता का, याची चौकशी करता येत असेल, तर प्राण्याला किती अंतरावरून, किती वेळ आणि कोणत्या परिस्थितीत पाहिले याचीही करता येईल. विणीच्या काळातल्या जमिनीवरच्या घरट्याचे छायाचित्र मुळातच न स्वीकारणे, सरड्याला हाताळले होते का हे प्रवेशिकेतच लेखी विचारणे, आणि राखणदार नसलेल्या जागेचे नाव छापण्यास संपादकाने नकार देणे, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. परीक्षक आणि संपादक मंडळींनी पुढच्या हंगामाच्या नियमावलीत एवढी तीन कलमे घातली, तरी पुरेसे आहे.